सभापती महाशयांची हातोडी

आमच्या हॅरोफील्ड गावात मला दर वर्षी एका पदावर निवडून देतात. कुंपण-निरीक्षक. दोन शेतांमधलं कुंपण कुणाच्या बाजूला झुकलंय, गाय कुणाच्या फटीतून गेली, हे जाऊन बघायचं आणि निवाडा द्यायचा. हे पद इंग्लंडच्या राजाच्या काळापासूनचं. राजा गेला, कुंपणांचे तंटेही गेले, पण पद काढून टाकायचं कुणाच्या जिवावर येत नाही. गावाचं म्हणणं असं, "पर्ली नाहीतरी दुसऱ्यांच्या कुंपणावरून डोकावतोच. मग रीतसर तरी डोकावू दे." तेव्हा पुढे जे सांगतोय ते सरकारी पाहणीत आलेलं आहे. चहाडी म्हणू नका.

माझ्या खालच्या कुंपणापलीकडे लायमन स्पॉफर्ड आणि वरच्या कुंपणापलीकडे ऑरिन बॅचेल्डर. मध्ये मी. दोघांचंही एकमेकांशिवाय पान हलत नसे, म्हणजे एकमेकांवर जळल्याशिवाय. मार्चमध्ये मेपलच्या झाडांचा रस आटवून साखर करायचे दिवस आले की लायमन उठल्या उठल्या पहिल्यांदा टेकडीवर नजर टाकणार. ऑरिनच्या धुराड्यातून वाफ निघालेली दिसली, की इकडे याच्या पोटात धूर. मग बायकोवर ओरडणार, "अल्मिरा! त्याचा रस चढला सुद्धा! आपली झाडं काय झोपलीत?"

अल्मिरा शांतपणे म्हणायची, "झाडांना उठवून ये जा. मला अंडी करू दे."

लायमन म्हणजे उंच, वाळका, गाईंशी भरपूर आणि माणसांशी मोजकं बोलणारा गडी. ऑरिनचं उलटं. त्याच्या तोंडाला देवाने झाकणच दिलं नव्हतं. बरं, नुसता बडबड्या नाही. बोलायला उभा राहिला की लोक चमचा खाली ठेवून ऐकत. चर्चमध्ये, शेतकी संघात, कुणाच्या मयतीला, ऑरिनचे दोन शब्द हवेतच. लायमन मयतीला गेला तरी मागे उभा राहून पुटपुटायचा, "आता हा त्या बिचाऱ्या मेलेल्याचंही श्रेय घेणार."

याचं मूळ शाळेत आहे. माझी थोरली बहीण यांच्या वर्गात होती, त्यामुळे साक्षीदार पक्का आहे.

शाळा म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि एक वॉडली बाई. बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या ते पुस्तकातून कमी आणि पोरांच्या स्वभावातून जास्त. एकदा त्यांनी टेबलावर मेपल साखरेची वडी ठेवली आणि म्हणाल्या, "लायमन, तू काप. ऑरिन, तुकडा आधी तू उचलायचा."

लायमनने काय करावं? दप्तरातून पट्टी काढली. वडीवर खुणा केल्या. जीभ दातात धरून अशी कापली, की बाईंनी दोन्ही तुकडे तराजूत टाकले तर काटा हलला नसता. ऑरिन तुकडा निवडायला आला तो वाकून, एक डोळा मिटून, इकडून बघ, तिकडून बघ. शेवटी वैतागून एक उचलला.

"बघा मुलांनो," वॉडली बाई म्हणाल्या, "लायमनने सारखे तुकडे का केले? ऑरिनवर फार माया आहे म्हणून?"

वर्ग खिदळला.

"त्याला एक कणही जास्त जाऊ नये म्हणून. तर आपलं सरकार हे असं आहे. एक सभागृह कापतं, दुसरं उचलतं. राजाला हाकलल्यावर आपल्या लोकांपुढे प्रश्न पडला की आता सत्ता द्यायची कुणाला? चांगला माणूस शोधत बसले असते तर अजून शोधतच असते. त्यांनी ओळखलं की आपल्याकडे एका गोष्टीचा कधी तुटवडा पडायचा नाही. मत्सराचा. मग त्यालाच कामाला लावलं. याच्यावर त्याची नजर, त्याच्यावर तिसऱ्याची."

त्या असंही सांगायच्या, की एका इंग्रज वैद्याने फार आधी लिहून ठेवलं होतं, माणसं सरकार का मांडतात. तर भांडण आपलं असलं की प्रत्येक जण स्वतःच न्यायाधीश होतो, आणि फार वाईट न्यायाधीश होतो. आणि द्राक्षमळे असलेला एक फ्रेंच उमराव होता, त्याने बजावलं होतं, की कायदा करणारा, तो राबवणारा आणि निवाडा देणारा एकाच खुर्चीत बसला की बाकीच्यांनी बिऱ्हाड आवरावं. शब्द बाईंचे असतील. उमराव इतकं थोडक्यात बोलत नाहीत.

लायमनला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असेल, की आपण जळतो ते देशकार्यच आहे. पण पुढच्याच आठवड्यात घात झाला. संविधानाची प्रस्तावना पाठ म्हणायची स्पर्धा होती. सगळ्या गावासमोर. लायमन छान निघाला, आणि मध्येच एका शब्दापाशी अडला. कोणता ते माझी बहीण विसरली, लायमन विसरला नाही. तो उभा. कान लाल. आणि मागच्या रांगेतून ऑरिनने तो शब्द सांगितला. कुजबुजून सांगितला, पण ऑरिनची कुजबुज ती! गाडीवानाने बैलाला हाक मारावी तशी मागच्या भिंतीपर्यंत गेली. लोक हसले. लायमनने उरलेलं म्हटलं, पण बक्षीस ऑरिनला. वर आणि ऑरिनची आई म्हणाली, "माझं बाळ किती मनाचं मोठं, बघा!"

पाडलं असतं तर लायमनने माफ केलं असतं. मदत केली, ती कशी माफ करणार?

आता गावसभेचं सांगतो, म्हणजे त्याने सूड कसा घेतला ते कळेल.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव सभागृहात जमतं आणि स्वतःचा कारभार स्वतः ठरवतं. नाला कुठे काढायचा, शाळा गरम ठेवायला नवी भट्टी हवी की नको, सगळं. वर्षभर कारभार बघायला तीन पंच असतात, पण त्या दिवशी पंचही खाली बसतात आणि लोकांपुढे मान तुकवतात. आणि सगळ्यांच्या वर, व्यासपीठावर, लाकडी हातोडी घेऊन सभापती. सभापतीला फक्त एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे कुठल्याही विषयावर आपलं मत सांगणं. त्याने बोलू द्यायचं, थांबवायचं, मोजायचं. मतही द्यायचं ते दोन्ही बाजू बरोबर समान झाल्या तरच.

लायमनसारख्या मुक्या माणसाला याहून चांगली खुर्ची देवाने सुद्धा काढून दिली नसती. गावाने एकदा त्याला बसवलं आणि मग दर वर्षी तोच. कारण तो कमालीचा सरळ वागायचा. दर वर्षी ऑरिन त्याच्याविरुद्ध उभा राहायचा, दर वर्षी हरायचा, आणि मग पहिल्या विषयाला उठून त्याला म्हणावं लागायचं, "सभापती महाशय, मला बोलायची परवानगी द्यावी."

हे दोन शब्द. सभापती महाशय. एरवी "ए लायम्या" म्हणणारं तोंड, आणि त्या दिवशी "आपली परवानगी असेल तर". लायमन ते शब्द असे घ्यायचा, जसा एखादा गरम पॅनकेकवर लोणी घेतो. मग खिशातलं घड्याळ काढून समोर ठेवायचा. ऑरिनची वेळ संपली की हातोडी. ठाक! "सभासदाची वेळ संपली आहे." वाक्य अर्धं असो, विनोदाचा शेवटचा शब्द राहिलेला असो. ठाक! पण एक मिनिट अलीकडे नाही. कधीच नाही. घड्याळ सकाळी रेडिओवर लावून आणायचा. कारण ऑरिन खाली बसून स्वतःचं घड्याळ बघत असायचा, हा कधी चुकतो आणि मी कधी उठून बोंब मारतो म्हणून.

ऑरिनच्या बायकोने अल्मिराला सांगितलं आणि अल्मिराने मला, की ऑरिन स्वयंपाकघरात बटाटे कुस्करायचा लाकडी दांडा टेबलावर आपटून बघतो. "शांतता! शांतता!" आणि मांजर पळून जातं.

आमच्या गावची आणखी एक खोड इथे सांगायला हवी. सभापतीला एखाद्या विषयात बोलायचंच असलं, किंवा विषय त्याच्या स्वतःच्या फायद्यातोट्याचा असला, तर त्याने हातोडी खाली ठेवून सभेत येऊन बसायचं. मग हातोडी घेणार कोण? निवडणुकीत जो दुसरा आला, म्हणजे हरला, तो. देशाचीही सुरुवातीला हीच रीत होती. जिंकला तो राष्ट्राध्यक्ष, हरला तो उपराष्ट्राध्यक्ष. एका घरात दोन सवती आणल्यासारखं झालं, म्हणून देशाने ती रीत लवकरच मोडली. हॅरोफील्डने मोडली नाही. आम्हाला सवतींची मजा वाटते.

इतकी वर्षं लायमनने हातोडी एकदाही खाली ठेवली नव्हती. त्याच्या मालकीच्या कशालाही गावाने हात लावला नव्हता.

आणि मग देशाचं दोनशेवं वर्ष उजाडलं, १९७६. गावात जो तो निळा-लाल रंग घेऊन सुटला होता. आगीच्या बंबाचा नळ रंगवला, टपालपेट्या रंगवल्या, हब बेंटनच्या बकऱ्याची शिंगंही रंगवली. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, मुख्य भाषण कोण करणार यावर समितीत चर्चा सुद्धा झाली नाही. ऑरिन.

लायमन माझ्या कुंपणापाशी आला. "दोनशे वर्षांपूर्वी तिथे ऑरिन असता ना, पर्ली, तर स्वातंत्र्याचा जाहीरनामा अजून वाचूनच झाला नसता. इंग्रज कंटाळून आपोआप गेले असते."

"मग तू कर की भाषण."

"मला कोण विचारतंय?"

"विचारलं असतं तर केलं असतंस?"

"नाही. पण विचारायला काय जातं?"

हे हसण्यावारी चाललं होतं, तोच सभेची विषयपत्रिका सभागृहाच्या दारावर लागली. त्यात एक कलम होतं. लायमनच्या घराखालचा ओढ्यावरचा लाकडी पूल कुजलाय, तो दुरुस्त न करता काढून टाकावा, आणि वाचलेल्या पैशांत वरचा रस्ता डांबरी करावा.

वरचा रस्ता म्हणजे ऑरिनचा. खालचा पूल म्हणजे लायमनची गावाकडे जायची एकमेव वाट. पूल गेला की दूध न्यायला येणारी टाकीची गाडी येणार नाही. गाडी नाही म्हणजे गाई नाहीत. गाई नाहीत म्हणजे लायमन स्पॉफर्ड हा कुणीच नाही, एक वाळका म्हातारा, एका बंद रस्त्याच्या टोकाला.

त्या दिवशी तो आला तेव्हा कुंपणाला टेकला सुद्धा नाही.

"पर्ली, सभेत तू बोल माझ्या बाजूने."

"मी? मी उठलो की लोक आधीच हसायला लागतात. मी बोललो तर पूल तर जाईलच, वर तुझा रस्ताही जाईल."

"अल्मिराला सांगू?"

कपडे वाळत घालता घालता अल्मिरा म्हणाली, "मी काय बोलणार? घरच्या कामातून मला त्या पुलापलीकडे कोण जाऊ देतं?" मग चिमटा तोंडातून काढून म्हणाली, "लायमन, घर तुझं, गाई तुझ्या. तोंडही तुझंच वापर."

"तोंड वापरायचं तर हातोडी ठेवावी लागेल."

"ठेव मग."

"कुणाकडे ठेवायची माहितीये ना?"

अल्मिराला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. चिमट्यांच्या टोपलीला सुद्धा माहीत असावं.

"मी वरच बसून राहिलो तर?" लायमन म्हणाला. "चूप. फक्त मोजेन. कुणाला काय म्हणायचंय?"

"ऑरिनला," मी म्हणालो. "सभापतीच्या घराखालचा पूल आणि सभापतीच मोजतोय. तो उठून बोंब मारेल, ज्या दिवसाची इतकी वर्षं वाट बघतोय तो दिवस."

लायमन टेकडीवर ऑरिनच्या धुराड्याकडे बघत राहिला. वाफ येत होती. त्या दिवशी मात्र बायकोला ओरडला नाही.

सभेच्या दिवशी बाहेर चिखल आणि आत ओल्या लोकरीचा वास. मागच्या खोलीत बायकांनी दुपारच्या जेवणाची मांडामांड चालवलेली. भाजलेल्या घेवड्याची मडकी, काळा पाव, कोबीची कोशिंबीर, आणि फळं भरून भाजलेले ‘पाय’ तर किती तऱ्हांचे! सकाळी सभापतीची निवड झाली, नेहमीसारखी. लायमन जिंकला, ऑरिन दुसरा आला. किरकोळ विषय झाले. ऑरिन तीनदा उठला, तीनदा "सभापती महाशय" म्हणाला, तीनदा हातोडी खाल्ली. मग पुलाचं कलम आलं.

गिल्मन नावाचा तरुण पंच उठला आणि त्याने पुलाचं कुजकं लाकूड सभेला दाखवलं. बोटाने दाबलं तर भुगा पडत होता. मग एकेक जण उठला. कर वाढेल. एका घरासाठी अख्खा पूल? डांबरी रस्त्याने शाळेची बस लवकर जाईल. कुणी वाईट बोललं नाही. लायमनचं नाव सुद्धा कुणी घेतलं नाही, तेच जास्त लागलं असेल. आणि ऑरिन? ऑरिन गप्प. हाताची घडी घालून, व्यासपीठाकडे बघत. माझ्या आयुष्यात मी ऑरिनला इतका वेळ गप्प बघितलेलं नव्हतं. मला वाटलं, याला बरं नाहीये.

लायमनचा हात हातोडीवर होता. पकड अशी की हातोडी कुणी पळवून नेणार आहे.

"आणखी कुणाला बोलायचंय?" त्याने विचारलं.

कुणाला नव्हतं. आता मतदान पुकारायचं. तो पुकारेना. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय, मागे कुणीतरी मडक्यावरचं झाकण सरकवतंय. लायमनने हातोडी उचलली. मला वाटलं आता आपटतो. त्याने ती उलटी केली, मुठीकडून पुढे धरली, आणि म्हणाला,

"या विषयात सभापतीचा स्वार्थ आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या सभासदाने वर यावं."

ऑरिनच्या बुटांची करकर पायऱ्या चढताना मोजता आली असती. हातोडी देताना लायमनने ती जरा उशिराच सोडली. ऑरिनला थोडी ओढावी लागली. पहिल्या रांगेत बसलेल्यांनी हे पाहिलंय. मी पहिल्या रांगेतच होतो.

ऑरिन खुर्चीत बसला. खुर्ची त्याला थोडी मोठीच झाली. लायमन खाली आला आणि उभा राहिला. 

"सभासदाला बोलायचं आहे का?" ऑरिनने विचारलं.

"हो. म्हणजे... मी..." लायमनचे कान लाल झाले. "पूल आहे. माझा. म्हणजे गावाचाच. तो... त्याला..." आणि अडला. अगदी तस्साच. माझी थोरली बहीण दोन रांगा मागे बसली होती, तिने तोंडावर हात घेतला.

आम्ही सगळे ऑरिनकडे बघायला लागलो. ऑरिनचे ओठ हलत होते! त्याला शब्द माहीत होता. त्याला सगळं भाषण माहीत होतं. लायमनच्या बाजूने काय काय बोलता येईल, हे त्या सभागृहात ऑरिनइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि ते सगळं त्याच्या गालात कोंबून बसलं होतं. पण खुर्चीत बसलेल्याने बोलायचं नसतं. त्याची मान ताणली, डोळे मोठे झाले, घामाचा थेंब नाकावर आला. घशात घेवडा अडकलेल्या माणसासारखा दिसायला लागला.

लायमनने ते पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, देवाने त्याला वाचा दिली. देवाचा काही संबंध नाही. ऑरिन बॅचेल्डरला बोलता येत नाहीये आणि मला बोलता येतंय, हे त्याच्या डोक्यात शिरलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली. मग जो सुटला!

"वरच्या रस्त्याच्या लोकांनो, तुमच्या घरात सकाळी जे दूध येतं ते कुठून येतं? नंदनवनातून? बसला पाच मिनिटं वाचतील म्हणता. बसमध्ये पोरं बसतात त्या पोरांच्या पोटात माझ्या गाई आहेत! पूल एका घराचा आहे म्हणता. आज माझं. उद्या बेंटन, तुझ्या घरापुढचा नाला. तो पण एका घराचाच. परवा तुझी टेकडी, गिल्मन. एकेक करून सगळे एकटेच आहोत आपण. गाव म्हणजे दुसरं काय असतं? एकेकटी घरं, आणि त्यांच्या मधला पूल."

शेवटी शेवटी तर तो हातवारे सुद्धा करायला लागला. ऑरिनचे हातवारे, हुबेहूब. इतकी वर्षं वरून बघून पाठ झालेले. बोलता बोलता खिशातून त्याने स्वतःचं घड्याळ काढलं, बघितलं, आणि वेळ संपायच्या जरासा आधी स्वतःच खाली बसला. ऑरिनने हातोडी उचलून धरलेली होती. ती तशीच हवेत राहिली.

मतदान झालं. आवाजावरून समजेना, म्हणून उभं राहून मोजणी. पूल काढावा म्हणणारे उभे राहिले. मग काढू नये म्हणणारे, त्यात लायमन, ताठ. मोजणाऱ्याने दोनदा मोजलं आणि वर जाऊन ऑरिनच्या कानात सांगितलं.

ऑरिनचा चेहरा बदलला. "दोन्ही बाजू समान," तो म्हणाला.

म्हणजे आता सभापतीला मत देता येत होतं. एक मत. पूल जाईल आणि डांबर ऑरिनच्या दारापर्यंत येईल. ऑरिनने सभेकडे पाहिलं, मग खाली लायमनकडे. लायमन त्याच्याकडे असा बघत होता, जसा साखरेची वडी कापून झाल्यावर बघत होता म्हणे. बघू या, काय उचलतोस.

"डांबरी होणारा रस्ता सभापतीच्या दारावरून जातो," ऑरिन म्हणाला. "सभापतीचा यात स्वार्थ आहे. सभापती मत देत नाही. समान मतं पडली म्हणजे प्रस्ताव पडला. पूल राहील." आणि ठाक! हातोडी अशी आपटली की मागच्या खोलीत झाकण पडलं.

तेवढी एक ठाक. बटाट्याच्या दांड्यावर केलेली सगळी तालीम त्या एका ठाकेत वसूल.

जेवताना जो तो लायमनची पाठ थोपटत होता. तो मात्र घेवडा चिवडत बसलेला.

"पूल वाचला ना रे?" मी म्हणालो.

"वाचला. पण त्याने काय केलं बघितलंस?"

"काहीच केलं नाही."

"तेच तर! विरोधात मत दिलं असतं तर मी त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. बाजूने दिलं असतं तर उपकार झाला असता, मी त्यालाही शिव्या दिल्या असत्या. काही केलंच नाही! आता मी शिव्या कशाबद्दल देऊ?"

अल्मिराने त्याच्या ताटात सफरचंदाचा पाय ठेवला. "खा," ती म्हणाली. "सुचेल काहीतरी."

मला राहवलं नाही. दोन दिवसांनी वरच्या कुंपणावर ऑरिनला गाठला. "खरं सांग. मत का नाही दिलंस? डांबर आलं असतं की."

तो रसाच्या बादल्या गाडीवर चढवत होता. "पर्ली, मी किती वर्षं खाली बसून त्या माणसाकडे डोळ्यात तेल घालून बघतोय. एकदा, एकदा तरी चुकेल. एक मिनिट कमी देईल, मोजताना एक हात सोडेल. नाही चुकला. बैल आहे तो. मग खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्याच दिवशी मी चुकू? आणि तो खाली बसून बघत असताना?" मग बादली आदळून म्हणाला, "आणि काय बोलला रे तो! 'मधला पूल' म्हणे. मला का नाही सुचलं? चार जुलैला झकास बसलं असतं, पण आता वापरलं तर सगळे म्हणतील लायमनचं चोरलं."

चार जुलैला त्याने ते वापरलं नाही. भाषण झकास झालं. लायमनने टाळ्या वाजवल्या, पण हातमोजे घालून. जुलैमध्ये.

पुढच्या मार्चमध्ये सभापतीच्या निवडीला नावं मागितली, तेव्हा सवयीने कुणीतरी लायमनचं नाव घेतलं. आणि लायमन स्वतः उठला. "मी ऑरिन बॅचेल्डरचं नाव सुचवतो. मी माझं मतही त्यालाच देणार."

 मग टाळ्या! बायकांनी रुमाल काढले. पाद्री म्हणाले, हृदय विरघळलं. हब बेंटनच्या डोळ्यात पाणी आलं. मी शेजारी बसलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. लायमन दातांतून म्हणत होता, "आता बोल म्हणावं. वर्षातला एकच बोलायचा दिवस, आणि हा वर बसून घाम गाळणार. मी बघणार."

ऑरिन निवडून आला. लायमन दुसरा. पायऱ्या चढताना ऑरिनने वळून लायमनकडे एकदा पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं हे मला समजलं. पण हातोडी नको म्हणणार कोण? त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

पहिला विषय पुकारला. शाळेची भट्टी. लायमन तयारच होता. गेल्या वर्षी लागलेली चटक गेली नव्हती. झटकन उठला, कोट सावरला, हात वर केला, तोंड उघडलं.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सुरुवात कोणत्या शब्दांनी करायची असते.

तो उभा. कान लाल. सभागृहात हळूहळू खसखस पिकायला लागली. ऑरिन वर खुर्चीत आरामात टेकला, खिशातून स्वतःचं घड्याळ काढून समोर ठेवलं, आणि वाट बघत राहिला. शब्द सांगितला नाही. खुर्चीतल्याने सांगायचा नसतो.

"स... महाशय," लायमन पुटपुटला.

ऑरिनने कानामागे हात धरला. "सभासदाने कृपया मोठ्याने बोलावं," तो म्हणाला. "मागच्या भिंतीपर्यंत जायला हवं."